पुरुषाचा वास आणि उंदीरवहिनी

शेजारच्या उंदीरवहिनीनं नवऱ्याला कपड्यांसकट घराबाहेर काढलं, ही बातमी आमच्या मजल्यावर दूधवाल्याच्याही आधी पोचली. मी वाटी घेऊन साखर मागायला गेले. घरात साखरेचा डबा भरलेला होता, पण रिकाम्या हातानं चौकशी बरी दिसत नाही. बातमी निम्मी खोटी निघाली. बाहेर काढले होते ते फक्त कपडे. भावजी आत मटार सोलत बसले होते.

उंदीरवहिनी हे नाव मीच ठेवलंय. ती प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर काम करते. एका आईची, एकाच पिंजऱ्यात वाढलेली पिल्लं. त्यांना अरुंद नळीत थोडा वेळ अडकवायचं आणि मग मोकळ्या पेटीत सोडायचं. एक अंग झटकून फिरायला लागतं, दुसरं कोपरा धरतं ते सोडतच नाही. असं का, ते ती त्यांच्या मेंदूत शोधते.

"मेंदूत एक भाग भीतीची घंटा वाजवतो आणि दुसरा ती बंद करतो," तिनं मला समजावलं होतं. "घंटा दोघांचीही वाजते. एकाची लगेच थांबते, दुसऱ्याची वाजतच राहते."

"आमच्या सासूबाईंची थांबलेली मी अजून ऐकली नाही गं."

"मग तुमचा बंद करणारा भाग चांगलाच दणकट असणार!"

यंदा थंडी पडली आणि वहिनीचं सगळं बिनसलं. कालपर्यंत भटकणारे शूर उंदीरही कोपऱ्यात जाऊन बसले. दोघांत फरकच दिसेना, आणि फरकच नाही तर मेंदूत शोधायचं काय? विभागप्रमुखांनी बजावलं, "सोमवारी मी स्वतः येऊन बघतो. फरक दिसला नाही तर काम बंद. खोली दुसऱ्याला देऊन टाकू."

वहिनीनं उंदरांचं खाणं बदललं, भुसा बदलला, दिवे मंद केले. इकडे भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मी विचारलं, "तू फिरणाऱ्यांतली की कोपऱ्यातली?"

"मी अजून नळीतच आहे," ती म्हणाली.

मग भावजींना सर्दी झाली आणि त्यांनी आपला स्वेटर परत मागितला. दाराच्या खुंटीवरचा, घालून घालून मुरलेला तो स्वेटर थंडी पडल्यापासून वहिनीच कामावर घालून जात होती. त्या दिवशी ती शाल पांघरून गेली, तर शूर उंदीर मिशा पुसत हिंडायला लागले!

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. उंदीर पुरुषाच्या वासाचा धसका घेतात, हे तिनं वाचलेलं होतं. पण घरातल्या नवऱ्याला पुरुष म्हणून कोण मोजतं? नळीत जायच्या आधीच सगळ्यांच्या घंटा वाजत होत्या, मग फरक दिसणार कुठून! त्याच दिवशी भावजींचे कपडे कपाटातून उचलून व्हरांड्यात टांगले गेले, आणि सकाळी ती निघेपर्यंत त्यांनी तिच्याजवळ फिरकायचं नाही असं ठरलं.

भावजींची छाती मात्र फुगली होती. "माझा नुसता वास आला की थरथरतात म्हणे!" ते मला म्हणाले. एवढ्यात आतून आवाज आला, "मटार झाले का?" आणि ते मुकाट्यानं टोपलीवर वाकले.

सोमवारचं पुढचं तिथल्या साफसफाईवाल्या मावशींनी सांगितलं. त्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी केली होती. विभागप्रमुख साहेब आले. हे साहेब जिन्यात खाकरले तरी ऑफिसातले लोक चहाचे कप टेबलाखाली सरकवतात. त्यांनी थेट दाराच्या मुठीला हात घातला. वहिनी आडवी उभी राहिली.

"साहेब, तुम्ही काचेबाहेरून बघा. आत पुरुष आला की सगळेच घाबरतात."

साहेबांचं तोंड उतरलं, पण ते बाहेर थांबले. आत नळीतून सुटलेला एक उंदीर ऐटीत फेरी मारायला निघाला, दुसरा कोपऱ्यात अंग चोरून बसला. सगळा खेळ काचेतून स्वच्छ दिसत होता. साहेब म्हणाले, "ठीक आहे. काम चालू राहू दे." पण साहेबांच्या मनातून मगाचं जाईना.

"बाई, इतकी वर्षं माझ्या हाताखाली एवढी माणसं काम करतायत. मला घाबरलेलं मी कुणालाच पाहिलं नाही. मग या उंदरांनाच माझी भीती कशी वाटते?"

वहिनी म्हणाली, "साहेब, त्यांना पगार मिळत नाही."