अप्पांचा शेवटचा फोटो

"अप्पा गेले. येताना कॅमेरा आण," शिवप्रकाशकाकांनी फोनवर एका दमात सांगितलं. सोमवार होता, सकाळचे पावणेसात. शीलानं परभणीतला आपला स्टुडिओ तसाच बंद ठेवला आणि चारठाण्याची वाट धरली.

तिचे वडील महालिंगअप्पा लिंगायत वाणी. आई दैवशाला पोखर्णीकडच्या मेंढपाळाची लेक. आजोळी शीलाला 'वाण्याची पोर' म्हणत आणि काकांकडं 'धनगरिणीची'. आई दोन्ही गोष्टी हसण्यावारी न्यायची. ती गेल्यावर थकलेले अप्पा चारठाण्याला भावाकडं राहायला गेले होते.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. त्याआधी कपाळी भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, भोवती घरची माणसं, असा एक फोटो निघतो. मग तो पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहतो. शीलानं असे कितीतरी फोटो काढले होते. मान पडू नये म्हणून हनुवटीखाली रुमालाची घडी कुठं द्यायची, तेही तिला ठाऊक होतं. ती तिनं अप्पांना स्वतःच्या हातानं दिली.

आज मात्र तिला फोटोत बसायचं होतं. तिनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, टायमर ठेवला आणि अप्पांच्या गुडघ्याजवळ जागा मोकळी सोडली.

"मधीच भोक दिसायलंय की," उमादेवीकाकू म्हणाल्या. "रुद्राणी, सरक तिकडं."

"काकू, तिथं मी बसणार हाय. दहा सेकंदात येते."

"आन् फोटो हालला तर?" काका म्हणाले. "अप्पाला काय पुन्हा बसवायचं? तुझ्या हाताला लय सफाई हाय, बाई. तूच काढ."

"कौतुक करायलेत तर हिचं तोंड बघा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

रुद्राणी, काकांची सून, खाली मान घालून सरकली. जागा भरली. विधीसाठी आलेले जंगम दारातून म्हणाले, "खड्डा तयार हाय. उरका."

"सगळ्यांनी इकडं बघा," शीला सवयीनं म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पाचव्या दिवशी काका प्रती न्यायला स्टुडिओत आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. खाली कोपऱ्यात नेहमीसारखं बारीक अक्षरांत 'शीला फोटो, परभणी' असं होतं.

"घरच्या फोटोवर दुकानाचं नाव कशाला? काढून टाक."

शीलानं त्यांच्या हातातला फोटो परत घेतला. मग तिनं कॉम्प्युटरवर नाव पुसलं आणि सगळ्या प्रती पुन्हा छापायला लावल्या.