वहीतलं आदलं पान

माझी मावशी रोज अंधार पडला की गच्चीवर जाते आणि दुर्बिणीतून एकच तारा बघते. तो एरवी इतका मंद असतो की दिसतच नाही, पण मधूनच, काही आठवड्यांनी, अचानक भडकतो आणि दोन-चार दिवसांत विझतो. दिसला की नाही ते ती वहीत लिहिते. लिहिण्याआधी आदल्या पानांना क्लिप लावते, म्हणजे नजर तिकडे जाऊ नये. मला ते फार विनोदी वाटायचं.

परवा तिला ताप होता, म्हणून मी गेले. क्लिप लावली नाही. आदल्या दिवशी 'नाही', त्याआधी 'नाही', महिनाभर 'नाही'. मी बघितलं, 'नाही' लिहिलं आणि खाली आले.

"त्याच्या शेजारचे तारे कुठले दिसले?" मावशीने पांघरुणातूनच विचारलं.

"सगळे. डावीकडचे दोन, वरचा एक."

"वर कोणी नसतं गं. तोच तो. आधी वही वाचलीस आणि मग बघितलंस ना?"

म्हणजे मी त्याला बघितलं होतं, चक्क मोजलं होतं, आणि तरी 'नाही' लिहिलं होतं. माणसांचंही मी असंच करते बहुतेक. दादा समोर बसून बोलत असतो आणि मी गेल्या वर्षीचाच दादा ऐकत असते.

पळत वर गेले. होता, अगदी ठळक. 'नाही'वर रेघ मारत होते तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. अंगात ताप, डोक्याला मफलर.

"सरक," मावशी म्हणाली, "महिनाभर थांबलेय मी."