रिसबुडांनी सिंगापूरला नेलेलं पाणी

चंद्रकांत रिसबूड सुरतेत, उधन्याच्या आमच्या कॉलनीत माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे आणि बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. त्यामुळे त्यांच्या प्रकृतीची मला माझ्या प्रकृतीपेक्षा जास्त माहिती होती. प्रकृती तशी ठणठणीत होती. पण ती ठणठणीत का आहे, याची कारणं ते रोज नव्याने सांगत, आणि डबा खायच्या वेळेलाच सांगत. पाणी बदललं की माणूस आजारी पडतो, हे त्यांचं ठाम मत. सासुरवाडीला नाशिकला जातानासुद्धा ते घरचं उकळलेलं पाणी कॅनमध्ये भरून न्यायचे. सासूबाईंनी त्यांना माठातलं पाणी देणं केव्हाच सोडून दिलं होतं.

असा माणूस परदेशाला निघाला तो बायकोमुळे. सुनंदावहिनी नवागामच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. वर्गात बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची मुलं. एकदा सिंगापूरचं बंदर शिकवताना योगिता नावाच्या मुलीने विचारलं, "बाई, ते तुम्ही देखेल शे का?" पाहिलेलं नव्हतं. मुलगी गप्प बसली, पण वहिनींना ते लागलं. वीस वर्षं आपण न पाहिलेलं जग शिकवतोय, आता एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी काही बघायचंच, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. वहिनी सहसा काही मागत नसत, त्यामुळे रिसबुडांना नाही म्हणायची सवयच नव्हती. चौऱ्याण्णवच्या दिवाळीची सिंगापूरची सहल ठरली. मी आणि माझी बायको तारा, आम्हीही नाव नोंदवलं.

आणि सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीने पळाले. कॉलनीत संध्याकाळी दिवे लागलेली घरं शोधावी लागत. रिसबूड पळाले नाहीत, कारण त्यांच्या मते स्टेशनवरच्या गर्दीतल्याइतकी घाण हवा कुठेच नव्हती. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, टेट्रासायक्लिन सुरू केलं आणि वहिनींना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. साथ ओसरली तेव्हा दोघंही धडधाकट होते, आणि हे आपल्या शिस्तीमुळे झालं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आम्हीही न पळता, खिडक्या उघड्या ठेवून जगलो होतो, पण ते त्यांनी हिशेबात धरलं नाही.

सहल रद्द झाली नाही. मात्र निघण्याआधी सहलीचे व्यवस्थापक किरीटभाई सगळ्यांना बजावून गेले, "तिकडे कोई पूछे तो मुंबई कहेजो, बस." साथ संपून महिना होत आला होता, तरी सुरत म्हटलं की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरतो, हे आम्हाला एव्हाना कळलं होतं. राग यायचा, पण इलाज नव्हता.

रिसबुडांची तयारी अर्थातच पूर्ण होती. ओवा, सुंठ, इसबगोल, मीठ-साखरेच्या पुड्या, जुलाबाच्या गोळ्या आणि त्या गोळ्यांनी पोट बांधलं तर त्यावरच्या गोळ्या. निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी कॉलरा आणि टायफॉइडच्या सुया एकाच दिवशी टोचून घेतल्या, दोन दंडांत दोन. वहिनींनाही न्यायचं होतं, पण शाळेत पेपर तपासायचे राहिले होते म्हणून त्या सुटल्या. शेवटच्या रात्री रिसबुडांनी पाणी दोनदा उकळलं, चौपदरी फडक्यातून गाळलं आणि दोन मोठे कॅन भरले. सबंध जग ज्या गावाच्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं, त्या गावचं पाणी परदेशात बाधू नये म्हणून परदेशी निघालं.

सिंगापूरच्या विमानतळावर ते माझ्या पुढेच होते. अधिकारी तरुण होता, हसतमुख होता. त्याने कॅनकडे बोट दाखवून यात काय आहे असं विचारलं. पाणी, रिसबूड म्हणाले. कुठलं पाणी? आता इथे मुंबई म्हणायचं होतं. पण पाण्याच्या बाबतीत खोटं बोलणं रिसबुडांना जमण्यासारखं नव्हतं. "सुरतचं," ते अभिमानाने म्हणाले, "दोनदा उकळलेलं." किरीटभाईंनी कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्याचं हसू काही मावळलं नाही, पण त्याने फोन उचलला. आम्हाला सगळ्यांना एका खोलीत नेऊन ताप मोजला. कुणालाच ताप नव्हता, फक्त रिसबुडांना होता. दोन सुयांनी आपलं काम चोख केलं होतं. डॉक्टर वयस्कर आणि सभ्य होते. त्यांनी दंडांवरची सूज पाहिली, ताप बहुतेक सुयांचाच आहे म्हणाले, पण खात्री होईपर्यंत यांना दवाखान्यात वेगळं ठेवावं लागेल. बाकीच्यांनी खुशाल जावं. पत्नीला ताप नाही, तेव्हा त्यांनीही जायला हरकत नाही. रोज सकाळी ताप तेवढा मोजून घ्यावा.

रिसबूड घाबरले नाहीत. त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत त्यांना हळूहळू बरंच वाटू लागलं असावं. "तूही इथेच थांब, सुनंदा," ते म्हणाले. "बाहेर खाण्यापिण्याचा काय भरवसा? इथे सगळं निर्जंतुक आहे."

आजारी नवऱ्याला परमुलखात टाकून बायको फिरायला गेली, हे कॉलनीत कसं दिसेल, ते वहिनींना दिसत होतं. आम्हालाही दिसत होतं. ताराने उगाच बॅगेचं कुलूप तपासायला घेतलं. मला त्या वेळी वहिनींची फार दया आली. इतकी वर्षं वाट बघून ही बाई आता परदेशातली एक भिंत बघून परत जाणार होती.

वहिनींनी पर्स खांद्याला लावली. "अहो, तुम्ही इथे सुखरूप आहात," त्या म्हणाल्या. "मी जाऊन येते."

आणि गेल्या. बंदर पाहिलं तेव्हा एवढ्या बोटी एका वेळी बघून त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. रस्त्यावरच्या गाडीवरच्या शेवया खाल्ल्या, नळाला ओंजळ लावून पाणी प्यायल्या, वास येणारं ते काटेरी फळही खाऊन पाहिलं. माझं पोट दुसऱ्याच दिवशी बिघडलं. त्यांना काहीही झालं नाही.

रोज संध्याकाळी त्या दवाखान्यात जात. मीही सोबत असे. रिसबूड काचेपलीकडे बसलेले, ताप उतरलेला, चेहऱ्यावर तुकतुकी. त्यांच्या कॅनमधलं पाणी तपासून त्यात काहीही सापडलं नाही, हे त्यांनी आम्हाला काचेशेजारच्या स्पीकरफोनवरून तीनतीनदा सांगितलं. पण शेवटच्या संध्याकाळी ते पाण्याबद्दल बोलले नाहीत. वहिनी उन्हाने रापल्या होत्या, केस विस्कटलेले होते. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "मला भीती वाटत होती."

"मी आजारी पडेन म्हणून?"

"नाही," रिसबूड म्हणाले. "तुला माझ्याशिवाय जमेल म्हणून."



परत आल्यावर तुळशीच्या लग्नाला कॉलनी जमली. कॉलनीतला आशिष स्वतःच्या लग्नानंतर मधुचंद्राला मॉरिशसला जाणार होता, म्हणून परदेशात प्रकृती कशी सांभाळावी यावर रिसबुडांनी चार शब्द बोलावेत असं ठरलं. ते अर्धा तास बोलले. सबंध सहलीत पोट बिघडलं नाही असे पुरुष आपण एकटेच, असंही म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग कॉलनीतल्याच मृणालने विचारलं, वहिनी, तुम्ही काय काळजी घेतलीत?

"मी कुठली?" वहिनी म्हणाल्या. "काळजी घ्यायला हे होते दवाखान्यात. मी सिंगापूर बघितलं."

सगळे हसले. रिसबूडही हसले, जरा उशिरा. मग प्रसादाची गडबड सुरू झाली तेव्हा ते वहिनींच्या शेजारी सरकले. मी मागेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"पुढच्या खेपेला मला नेशील?"

वहिनी उसाचे करवे वाटत होत्या. त्यांनी एक रिसबुडांच्या हातावर ठेवला.

"बघू," त्या म्हणाल्या.