पोटभर जेवलेलं रेडकू

"उपाशी नको धाडू रं दादा त्याला," असं म्हणत ती म्हातारी एका हातानं रेडकाची मान खाजवायची आणि दुसऱ्या हातानं नागलीची भाकर त्याच्या तोंडात कोंबायची. इकडे माझं डोकं फिरायचं!

जव्हार दरबारच्या शिकारखान्यात मी कारकून. वाघ मारायला येणाऱ्या साहेबलोकांची सगळी सरबराई माझ्या बोडक्यावर. मचाणाखाली आमिष म्हणून बांधायचं रेडकू पाड्यांनी पाळीपाळीनं द्यायचं, असा हुकूम होता. पोशेरा गावाजवळच्या एका पाड्याची पाळी आली, की आपल्या गोठ्यातलं रेडकू घेऊन ही म्हातारी हजर!

आता तुम्हीच सांगा, आमिषाचं जनावर भुकेलं ठेवतात ते काय हौसेनं? ते रेकलं, तरच वाघ येतो. हे तिला सांगून सांगून माझी जीभ झिजली.

"भरल्या पोटी कोन आरडंल, दादा?" ती विचारायची.

अगं बाई, मी तरी दुसरं काय सांगतोय!

एकदा मुंबईहून बडे साहेब आले. दिवाणांनी मला बोलावून बजावलं, "या खेपेला वाघ नाही मिळाला, तर घरी बसा." मी रेडकाजवळ दोन शिपाई उभे केले. बाईनं काय करावं? शिपायांनाही भाकऱ्या चारल्या! संध्याकाळी साहेब बंदूक सरसावून मचाणावर, शेजारी मी, आणि खाली रेडकू ऐसपैस बसून रवंथ करतंय. हूं नाही की चूं नाही. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता गोळी मलाच बसते असं वाटलं.

सकाळी ती रेडकाच्या गळ्यात पडून रडली. मी ओरडलो, "माझी नोकरी घालवशील तू! एवढा जीव आहे, तर आणतेस कशाला?"

"दुसरा आणंल, तर उपाशी आणंल."

त्या दिवशी ढोल बडवून रान उठवलं, त्या हाक्यात साहेबांना निदान बिबट्या मिळाला, म्हणून माझी नोकरी वाचली.

पुढच्या पाळीला रेडकू घेऊन तिची सून आली.

"सासू गेली मानमोडीच्या तापात," ती म्हणाली. "ह्ये तिच्याच हातचं. ती गेल्यापासनं नीट खात नाय."

मला म्हातारीचा असा संताप आला म्हणून सांगू! जन्मभर छळलं मला, आणि आता हे माझ्या गळ्यात टाकून गेली. शिपायाकडून विळा हिसकावून घेतला, ओढ्याकाठचं हिरवं गवत कापलं आणि मी, शिकारखान्याच्या कारकुनानं, ते रेडकापुढं टाकलं. त्यानं हुंगलंसुद्धा नाही. पाड्याच्या वाटेकडे मान वळवून ते रेकायला लागलं. मी मचाणावर चढलो, तेव्हा ते रेकणं ऐकून या खेपेचे साहेब हसले आणि मला म्हणाले, "शाबास."

दिवस मावळायच्या आत वाघ आला, रेडकावर झेपावला आणि साहेबांची गोळी सुटली. नंतर दरबारात दिवाणांनी माझी पाठ थोपटली. पण त्या संध्याकाळी मी मचाणावरून खाली उतरलो, तेव्हा गवत तसंच पडलं होतं.