हातानं झाडलेली जागा

तांग्याचा घोडा तोंडाला बांधलेल्या पिशवीतून, म्हणजे तोबऱ्यातून, चंदीचे दाणे खातो, हे तुम्ही पाहिलं असेल. भद्रावतीच्या बस स्थानकासमोर आमचे तांगेवाले चाचा मात्र तोबऱ्याला हात लावत नसत. कडुलिंबाखाली उकिडवे बसायचे, तळहातानं जमीन झाडायचे, खडा, काडी, बिडीचं थोटूक वेचून टाकायचे आणि भिजवलेला हरभरा तिथं ओतायचे. मग त्यांची घोडी, मैना, मान खाली घालून खायची.

"तोंडाले पिशवी बांधून तुमी जेवान का?" ते विचारत.

ती जेवत असली की उतारूंनी थांबायचं. एकदा लग्नाला निघालेले एक गृहस्थ ओरडले, "चाचा, मुहूर्त टळून राह्यला!"

"पैले तिचं, मंग तुमचं," चाचा म्हणाले. "तुमी लग्नात पंगतीत बसानच न? तिची पंगत हेच आहे."

समोरच्या वाचनालयात मी काम करत असे. दुपारी ते माठातलं पाणी प्यायला वर येत आणि मला 'किताबवाले भाऊ' म्हणत.

पुढे ऑटो आले आणि तांगे एकेक करून उठले. चाची आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. एक दलाल मैनेला पाहून गेला, मग पुन्हा आला. तो तिला कुठं नेणार, हे विचारायची गरज नव्हती. चाचांचं स्वतःचं जेवण एकवेळचं झालं होतं. तिचा हरभराही कमी झाला होता.

"तिले इकलं तं मी घरी जाऊन कोनाशी बोलू, भाऊ?"

तेवढ्यात त्यांच्या कुण्या नातेवाइकानं निरोप आणला. कोकणात समुद्रकाठी शहरातली माणसं सुट्टी घालवायला येतात. नारळाच्या बागेत उतरतात, सकाळ-संध्याकाळ घोड्यावर बसून किनाऱ्यानं फिरतात. तिथं गरीब स्वभावाची घोडी हवी होती.

"सुट्टी लोकाइची, काम मैनाचं!" चाचा कितीतरी दिवसांनी हसले. मी त्यांना पुस्तकातलं समुद्राचं चित्र दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले. "इतकं पानी अन् पेता येत नाई? मंग ठेवलं कायले?"

ट्रकमध्ये मैनेच्या शेजारी बसून ते गेले.

दर शुक्रवारी वाचनालयाखालच्या टेलिफोन बूथवर त्यांचा फोन येई. "इथी मैनेले लय इज्जत आहे, भाऊ. लेकरं तिच्यासंगं फोटो काढून राह्यले. एक बाई तं जातानी तिच्या गळ्यात पडून रडली." मग जरा अभिमानानं, "इथले लोक तोबरा देत होते. म्या वापस केला."

एकदा शुक्रवार नसताना सकाळीच फोन आला.

"भाऊ, मैना लोळून राह्यली. उठते, पोटाकडं पाहते, पुन्हा पडते. इथला डॉक्टर गावाले गेला. आपल्या डॉक्टरले बोलवा, त्याइले तिची तब्येत मालूम आहे."

आमच्या गावचे जनावरांचे डॉक्टर सायकल टाकून धावत आले. त्यांनी रिसीव्हर घेतला. चाचा इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला सगळं ऐकू येत होतं.

"खायला कुठं घालता?"

"खाली, साहेब. नेमीसारखं."

"खाली म्हणजे? रेतीवर?"

"साफ करतो न, साहेब. रोज हातानं झाडतो."

डॉक्टरांनी रिसीव्हर छातीशी धरला. "दाण्यासंगं रेती खात होती ती," ते मला हळूच म्हणाले. "पोटात साचली." मग फोनवर त्यांनी सांगितलं, पोटात रेती गेली आहे, चालवत राहा, लोळू देऊ नका, कुठूनही डॉक्टर आणा, नळीनं तेल पाजावं लागेल.

मग चाचांचा आवाज, "मंग कमी झाडलं का म्या?"

"नाही, चाचा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही चांगलं झाडलं."

चाचा दुपारपर्यंत तिला ओल्या रेतीवरून चालवत राहिले. फेरीसाठी थांबलेल्या मुलांना वाटलं, आता आपली पाळी. एक मुलगी तर सोबत चालत "मैना, मैना" करत होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नारळाच्या बागेपर्यंत मैना आली आणि तिथंच पडली. डॉक्टर पोचला तेव्हा चाचा तिच्या डोळ्यांवरच्या माश्या वारत होते.

ते लगाम घेऊन परत आले. त्याच कडुलिंबाखाली बसू लागले. मैनेच्या जेवणाची वेळ झाली की तळहात जमिनीवर फिरायचा. खडा, काडी, थोटूक. बोटं पुन्हा पुन्हा तिथंच, माती उकरून निघेपर्यंत.

"चाचा, काऊन झाडता आता?" नव्या ऑटोवाल्यानं विचारलं. जुन्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या दिवसापासून कुणी तिथं ऑटो लावला नाही.

मी डबा घेऊन जाई. ते झाकण उघडत, भाकरीकडं पाहत. "पैले तिचं," असं म्हणत आणि पुढचं वाक्य त्यांना सापडत नसे. डबा तसाच परत यायचा. डॉक्टर दोनदा येऊन समजावून गेले. उन्हाळा संपण्याआधी चाचाही गेले.

त्या पावसाळ्यात कडुलिंबाखाली, इतकी वर्षं काडी न उगवलेल्या जागेवर, गवत आलं. ऑटोवाले अजून ती जागा सोडूनच ऑटो लावतात. गवत वीतभर झालं आहे, कोवळं, मान खाली घालून खाण्याजोगं.