हौदात पडलेलं घड्याळ

काल नातीचं भिजलेलं मनगटी घड्याळ घेऊन हिमायतनगरच्या दुकानात गेले. कारागिराने मागचं झाकण उघडलं, स्पिरिटचा वास आला आणि बरकतपुऱ्यातलं आमचं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं.

हैदराबाद नुकतंच भारतात सामील झालं होतं. निजामाविरुद्धच्या लढ्यात पकडले गेलेले धाकटे काका तुरुंगातून सुटून घरी आले होते. वडील मात्र निजामाच्या कचेरीत नोकरीला होते आणि साहेबांनी बक्षीस दिलेलं घड्याळ रोज घालत. त्या दुपारी हातपाय धुण्यासाठी त्यांनी ते अंगणातल्या हौदाच्या कट्ट्यावर काढून ठेवलं. काकांनी ते उचललं आणि हौदात टाकलं.

"तुरुंग काही लांब नव्हता, दादा," काका म्हणाले. "एकदा तरी भेटायला यायचं होतं."

"आलो असतो तर नोकरी गेली असती. मग तुझ्या बायकोपोरांना कुणी जेवू घातलं असतं?"

वडिलांनी घड्याळ बाहेर काढलं. काचेआड पाणी हलत होतं. उन्हात बसून त्यांनी ते उघडलं, स्पिरिटच्या बोळ्याने आतली चाकं हलक्या हाताने पुसली.

संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले.

"चालू झालं का?"

मी वडिलांजवळच बसले होते. मला टिकटिक ऐकू येत होती. वडिलांनी घड्याळ मुठीत मिटलं.

"नाही," ते म्हणाले.

महिन्याभरात काका अंबरपेठेत वेगळे राहायला गेले. दोघे भाऊ पुढे कधीच बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, काका घड्याळाचीच चौकशी करायला आले होते. वडिलांना मात्र ते माफी मागताहेत हे कळलं होतं, आणि ती द्यायची नव्हती म्हणूनच ते खोटं बोलले.