कांद्यापुढं न रडणारे इवाई

कांद्यानं ज्याला कधी रडवलं न्हाय असा सगळ्या धाराशिव जिल्ह्यात एकच माणूस जन्मला, अन् तो नेमका माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. गाव बेंबळी. अंगानं काडी, पण आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा. आमी वाशीहून, म्हंजे मुंबईच्या न्हाय, आमच्या धाराशिवच्या वाशीहून, पोरगी बघायला गेलो, तर बाकीच्या घरात पोह्याचा कांदा आत चिरतात, यांनी विळी उचलून थेट बैठकीत आणून मांडली. आमी सतरंजीवर, हे विळीवर. पोराचा पगार विचारला न्हाय, जमीन विचारली न्हाय. पहिला सवाल, "पाव्हणं, तुमच्या घरात विळीला धार कोण लावतं?" म्या छाती काढून म्हणलो, "म्याच. कुऱ्हाडीपासून खुरप्यापर्यंत सगळं माझ्या हातचं." तसा त्यांचा चेहरा खुलला. म्हणले, "मंग पुढचं बोलू." माझा पोरगा त्या दिवशी कुणी नीट बघितला असंल तर शपथ!

त्यांचं शास्त्रच निराळं. कांदा आधी गार पाण्यात टाकायचा. बुडाचा, मुळ्याकडचा भाग शेवटपर्यंत कापायचा न्हाय. पातं असं पायजे की कांदा चिरला गेला पायजे, चेंगरला न्हाय पायजे. अन् सगळ्यांत मोठी गोष्ट वारा. रास उफणताना आपण जसा वारा बघतो, तसं हे कांद्याचं साल वर सोडायचे. साल जिकडं जाईल तिकडचा अंदाज घेऊन विळी मांडायचे. वारा फिरला की विळीसकट हे फिरणार. एकदा सकाळी ओसरीवर धरलेला कांदा फिरत फिरत गोठ्यात म्हशीच्या पुढ्यात जाऊन संपला. आतून विहीणबाई ओरडतायत, "अवो, तेल जळालं की!" अन् गोठ्यातून इंजिन, "थांब जरा, वारा पडलाय!"

घरात कुळदैवत खंडोबा. त्यामुळं चातुर्मासात कांदा बंद. चंपाषष्ठीला अणदूरला जाऊन भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मंगच कांदा सुरू. तवर हाताचं वळण जाऊ नये म्हणून हा माणूस कोबीवर सराव करायचा. ते बी साल वर सोडून! म्या म्हणलो, "इवाई, कोबी कुणाला रडवतो?" तर म्हणले, "कोबी रडवत न्हाय, पण हात थांबला की सवय मोडते." चंपाषष्ठीला देवळाबाहेर बाया पदरानं डोळे टिपत कांदा चिरायच्या अन् मधोमध हे नवरदेवासारखे हसत बसायचे. आमच्या वाशीच्या बाजारात तर एका भजीवाल्याचे डोळे गळताना बघितले अन् त्याचा गाडाच धरला. "फिरव हा. तोंड उगवतीला कर." भजीवाला रडत रडत म्हणला, "आजोबा, गाडा फिरवला तर गिऱ्हाईक गटारीत उभं राहील!" "राहू दे," हे म्हणले, "तुजे डोळे मोठे का गिऱ्हाईक?"

पोरगी शिकलेली. साखरपुड्याला कांद्यावरनं आमची बाचाबाची रंगली तवा तिनं समजावून सांगितलं, की कांदा कापला की त्यातून वायू निघतो, तो डोळ्यातल्या ओलीला लागला की झोंबतो, अन् डोळा पाणी सोडून त्याला धुऊन काढतो. धार असली, कांदा गार असला, वारा असला, की तो वायू डोळ्यापर्यंत पोचतच न्हाय. इवाई असे ताठ झाले की फेटा छताला लागंल. "बघा! शाळा बी माझ्याच बाजूची!" आता म्या दुसरीत शाळेला रामराम केलेला माणूस. शाळेचा धाक मला दाखवू नये. म्या म्हणलो, "वायू-बियू काय न्हाय. कांदा हाय तो. आज न्हाय तर उद्या रडवणारच." तसं सगळ्या पाव्हण्यांदेखत मांडीवर थाप मारून ते म्हणले, "कांदा चिरताना माझ्या डोळ्याला पाणी दिसलं, त्या दिशी ही माझ्या आईची विळी तुमच्या घरी!" म्या म्हणलो, "जागा करून ठेवतो."

लग्न बेंबळीलाच लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, गाडी फुलं लावून उभी राहिली. पोरगी एकेकीच्या गळ्यात पडून रडतीय अन् मधूनच विचारतीय, "आबा कुठं हायत?" आबाचा पत्ता न्हाय. म्या शोधायला निघालो. मांडवामागं, आचाऱ्याच्या चुलीपाशी इवाई विळीवर बसलेले. पंगती संपल्या, भांडी घासायला गेली, अन् हे कांदा चिरतायत. पुढं ही रास! डोक्याला फेटा तसाच, अन् दोन्ही गालांवरनं धारा.

मला बघून म्हणले, "या इवाई. हारलो बगा. आजचा कांदा लई तिखट निघाला."

खरं तर म्या तिथंच नाचायला पायजे व्हतं. पण म्या खाली बसलो. बादलीतला एक कांदा उचलला, तर गारेगार. साल वर सोडलं, तर वारा अगदी बेतानं, तोंडापासून लांब चाललेला. आचाऱ्याची सुरी घेतली, तिला बी सकाळी यांनीच धार लावलेली. बूड राखून एक कांदा चिरला. मंग दुसरा चिरला. माझे डोळे ठणठणीत कोरडे. म्हणजे त्यांचं शास्त्र खरं व्हतं, अन् हारलो व्हतो म्या.

मला जन्मात हारणं ठाऊक न्हाय. म्या उपरण्यानं ते कोरडे डोळे खसाखसा पुसले अन् म्हणलो, "सांगितलं नव्हतं का? कांदा हाय तो. आणा ती विळी हिकडं."

त्यांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मंग विळी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली अन् गाडीकडं गेले. पोरीनं त्यांचे डोळे बघितले अन् रडता रडता म्हणली, "आबा, वारा बघितला न्हाय व्हय?" ते म्हणले, "इसरलो बाई."

आता ती विळी आमच्या घरी हाय. इवाई अधूनमधून यष्टीनं येतात. दारातूनच इंजिन सुरू, "धार बघाया आलोय!" पात्यावरनं अंगठा फिरवतात अन् गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात, "काय इवाई, हिनं लोणी बी कापायचं न्हाय! अन् म्हणं कुऱ्हाडीपासून खुरप्यापर्यंत!" मंग धारेचा दगड घेऊन ओसरीवर बसतात. सून शेजारी कांदे सोलत बसते. बापलेकीचं हळूहळू कायबाय चालतं अन् परतीची गाडी निघून जाते.

गल्लीत लोक मला हसतात, म्हाताऱ्याच्या हातची धार गेली म्हणतात. म्हणू देत. लई दिवस झाले, इवाई आले न्हायत, अन् सून चुलीपुढं गप गप दिसली, की म्या ती विळी उचलून परसात नेतो. कुणी बघत न्हाय असं बघून पातं दगडावर आडवं-तिडवं घासतो, चांगलं बोथट करतो. मंग घरात येऊन सुनेला म्हणतो,

"बाई, तुज्या आबाला फोन लाव. धार गेली म्हणावं."